दोन खोल्या, पंधरा पावणे आणि एकच पातेलं

प्रश्न थोडक्यात असा आलाय: कोल्हापुरात साने गुरुजी वसाहतीकडं भाड्याच्या दोन खोल्या, नवराबायको दोघंही नोकरीला, ऑफिसातली आणि जुन्या कॉलेजातली मिळून बारा-पंधरा माणसं महिन्यातनं एकदा घरी बोलवावीत असं वाटतंय. पण मागच्या खेपेला हॉटेलातनं मागवलं तर बिल बघून झोप उडाली, आणि त्याच्या आधी घरी केलं तर सात पदार्थ करून दुसऱ्या दिवशी तिनं सुट्टी टाकली. कमीत करता येतंय का, आणि कमी केलं तर लोक नावं ठेवतील का.

ठेवतील की. एखादी ठेवतेच. पण तीच पुढच्या महिन्यात सगळ्यात आधी येऊन बसते, हे पण बघितलंय. तू म्हणते हं तुला, माझ्या मुलीच्या वयाची आहेस.

आमचं घर मंगळवार पेठेत, पुढची खोली, मधली खोली आणि स्वयंपाकघर एवढंसं की दोन बायका उभ्या राहिल्या तर तिसरीनं बाहेरनंच बोलायचं. त्यात माझी भिशी, नवऱ्याचं रस्सा मंडळ (वर्गणी काढून रानात मटण करणारी मित्रमंडळी), आषाढात गल्लीची त्र्यंबोली देवीची जत्रा, संक्रांतीला हळदीकुंकू, म्हणजे घरात माणसं जेवायला असणं हे आमच्याकडं नेहमीचंच. पैसे काय फार नव्हते कधी, म्हणूनच हे सगळं टिकलं असं मला वाटतंय, पैसे असते तर आम्ही पण हॉल घेतला असता.

भिशीत काय होतंय माहितेय का, पहिलीच्या घरी पोहे आणि चहा. दुसरी म्हणते नुसते पोहे कसं दिसेल, ती गुलाबजाम वाढवते. तिसरी पावभाजी करते आणि वर पुलाव. चौथीला आता काय करू हा प्रश्न, ती पनीर, जिरा राईस, दोन गोड. पाचवी बिचारी चार दिवस आधीपासनं टेन्शनमध्ये, आणि सहावी म्हणते माझा नंबर हॉटेलात ठेवू या का. तिथनं पुढं भिशी हॉटेलातच होते, निवांत गप्पा बंद, वेटर बिल घेऊन डोक्यावर उभा. आमच्या ग्रुपनं हे झाल्यावर नियम केला, एक गरम, एक गार आणि चहा, त्याच्या वर कुणी काही केलं तर ते खायचं नाही. हसू नको, खरंच एकदा एकीची बासुंदी कुणी हाताला लावली नाही, शेवटी तिनं डब्यात भरून घरोघरी पोचवली.

म्हणून माझं माप एकच आहे. सगळे गेल्यावर भांडी घासताना 'पुढच्या महिन्यात परत बोलवू या' असं वाटलं तर मेनू बरोबर होता. 'आता दिवाळीपर्यंत कुणाचं तोंड नको' असं वाटलं तर मेनू चुकला, मग लोकांनी बोटं चाटली असली तरी चुकला. तुझा सात पदार्थांचा बेत ह्या मापानं नापास, आणि हॉटेलचा पण नापास.

आता कामाचं. सगळ्यात आधी वेळ बदल. रात्रीचं जेवण म्हटलं की भात आला, पोळी-भाकरी आली, भाजी, गोड, आणि लोक साडेनऊला येऊन बारापर्यंत बसणार. त्यापेक्षा रविवारी सकाळी साडेनऊला बोलव, मिसळीला. कोल्हापुरात रविवारी सकाळी मिसळ खायला बोलावलं तर कुणाला ते कमी वाटत नाही, उलट खूश होतात, आणि बाराच्या सुमारास घर मोकळं, दुपारी तू झोपायला मोकळी. आणि बोलावताना शब्द नीट वापर, 'जेवायला या' म्हणू नको. आपल्याकडं जेवायला या म्हटलं की माणूस घरनंच मटणाचा तांबडा-पांढरा रस्सा डोक्यात घेऊन निघतंय. 'मिसळ खायला या' असं सांगायचं, मेसेजमध्ये पण तेच लिहायचं, म्हणजे येणाऱ्याच्या डोक्यात पण तेवढंच असतंय आणि तुझ्या पण.

मिसळ मी जरा सविस्तर सांगते कारण पहिल्यांदा तू तीच करावीस असं माझं मत आहे.

पंधरा जणांना पाऊण किलो मटकी बास, सुकी. मोड आले की ती दुपटीनं वाढते. शुक्रवारी रात्री जेवण झाल्यावर भरपूर पाण्यात भिजत घाल, शनिवारी सकाळी ऑफिसला जायच्या आधी उपसून फडक्यात बांध आणि झाकणाच्या डब्यात ठेव, रविवारी सकाळी मोड तयार. उन्हाळ्यात शनिवारी संध्याकाळीच येतात, मग फ्रीजमध्ये टाकायची, नाहीतर रविवारपर्यंत वास मारते. पावसाळ्यात उलटं, मोड यायलाच तयार नसतात, तेव्हा डबा बंद कुकरमध्ये नाहीतर गॅसच्या जवळ उबेला ठेवायचा.

कटाचं, म्हणजे मिसळीच्या तिखट रश्शाचं, वाटण शनिवारी संध्याकाळी. पाच-सहा कांदे, दीडशे ग्रॅम सुकं खोबरं, मूठभर तीळ, हे सगळं वेगवेगळं भाजायचं, एकदम टाकलं तर तीळ करपतात आणि कांदा कच्चा राहतोय. लसणाचे दोन गड्डे, आलं, धने-जिरे, आणि बारीक वाटून डब्यात, फ्रीजमध्ये. एवढं झालं की रविवारी सकाळी तुझं काम पाऊण तासाचं उरतंय. तेल जरा मोकळ्या हातानं घ्यायचं, गॅस बारीक करून मग चटणी टाकायची, मोठ्या आचेवर चटणी टाकली की काळी पडते आणि ठसक्यानं अख्खी बिल्डिंग खोकते. चटणी म्हणजे आपली कांदा-लसणाची, वर्षाची. उन्हाळ्यात केलेली असेल तर प्रश्नच नाही, संकेश्वरी तिखटाला आणि ब्याडगी रंगाला. नसेल तर आईकडनं डबा आण, किंवा एखाद्या बचत गटाची घे, पण साधं लाल तिखट घालून कट होत नाही, ते नुसतं लाल पाणी होतंय. चटणीवर लगेच वाटण, तेल सुटेपर्यंत परतायचं, इथं घाई करायची नाही, आणि मग गरम पाणी, गार नाही. माणशी तीनशे मिली कट धर, परत मागणारे असतातच, म्हणजे साडेचार ते पाच लिटर. मटकी वेगळी शिजव, हळद-मीठ घालून, बोटानं दाबली तर दबली पाहिजे पण गाळ व्हायला नको. खाली थोडी बटाट्याची सुकी भाजी घातलीस तर मटकी कमी लागते आणि पोट पण भरतंय.

उकळल्यावर वरची तर्री, म्हणजे तिखट तेलाचा तवंग, पळीनं वाटीत काढून ठेव. ज्याला पाहिजे त्यानं वरनं घ्यावी, म्हणजे एकाच पातेल्यात पोरांचं पण भागतंय आणि 'अजून तिखट नाही का' विचारणाऱ्यांचं पण (हे एकजण असतोच, आणि पाणी सगळ्यात जास्त तोच पितो). फरसाण पाऊण किलो, चिरलेला कांदा एक किलो, लिंबं, कोथिंबीर, आणि स्लाइसचे मोठे ब्रेड पाच, माणशी चार स्लाइस धरून वर थोडे. पुण्याकडचे पावणे असतील तर ते मऊ पाव मागतील, त्यांना म्हणावं इथं असंच असतंय. हे सगळं हॉटेलच्या बिलापेक्षा कितीतरी कमीत बसतंय, चहासकट.

गोड करायचं नाही. केळी ठेव नाहीतर कलिंगड काप. मिसळीनंतर तोंड भाजलेल्या माणसाला गुलाबजाम काय दिसत नाही.

मोठ्या प्रमाणात करताना एक गोष्ट बायका सारख्या विसरतात. चार माणसांचं प्रमाण चौपट केलं म्हणून तिखट-मीठ चौपट करायचं नाही, तिप्पट घालून चाखायचं आणि मग वाढवायचं, काढता येत नाही ते. पाण्याचं पण तसंच, मोठ्या पातेल्यात त्या मानानं कमी आटतंय म्हणून सुरुवातीला हात राखून. आणि कुकरला डाळी-कडधान्यं असतील तर निम्म्याच्या वर भरायचं नाही, पाच लिटरचा कुकर म्हणजे पाच लिटर आमटी नव्हे. कोंबून भरलं की शिट्टीतनं सगळं छताला.

संध्याकाळीच बोलवायचं असेल तर माझं दुसरं पातेलं म्हणजे अख्खा मसूर. कऱ्हाड-इस्लामपूरच्या ढाब्यांनी त्याला भाव आणला पण घरी तो कितीतरी स्वस्तात होतो. किलोभर मसूर पंधरा जणांना, तासभर भिजवला तरी चालतोय, दोन शिट्ट्या, मग कांदा-टोमॅटो-लसणाच्या फोडणीत चटणी घालून वीस मिनिटं मंद आचेवर. दाणा अख्खा राहिला पाहिजे, नावातच आहे. बरोबर ज्वारीची भाकरी, हिरव्या मिरचीचा खर्डा, कांदा, ताक. भात करायचाच असेल तर सव्वा किलो तांदूळ. आजऱ्याचा घनसाळ मिळाला तर वासावरच माणूस खूश, पण तो महाग, रोजचा असेल तो घाल, मसुराखाली कुणी वास घेत बसत नाही.

भाकरी तू थापायची नाही. पंधरा माणसांना तीसेक भाकरी लागतात, नोकरी करून आलेल्या बाईनं तेवढ्या थापल्या की ती पावण्यांशी काय बोलणार. पेठांमधनं ऑर्डरवर भाकरी करून देणाऱ्या बायका आहेत, तुझ्या भागात पण असतील, विचार. तिला दोन दिवस आधी सांगायचं, बुट्टीत फडकं घालून आणायच्या, अर्धा तास मऊ राहतात. घरचं म्हणजे सगळं एकाच बाईच्या हातचं असा कुठं नियम नाही. ताकाला दही मात्र घरी लाव. गंगावेशीत दूध कट्ट्यावर समोर म्हैस पिळून दूध देतात, ते आणून लावलेलं किलोभर दही आणि तीन लिटर पाणी, सगळ्यांना पेला-पेला ताक होतंय.

मटण. यायचंच होतं ते. वर्षातनं दोनदा कर, जास्त नाही. २०१९ च्या शेवटी मटणाच्या दरावरनं कोल्हापुरात आंदोलन झालं होतं, दुकानं बंद राहिली होती, दुसऱ्या कुठल्या गावात असलं होणार नाही. तेव्हापासनं दर चढतच गेलेत आणि मिसळीच्या तिप्पट खर्च धरूनच चाल. पण एक आहे, आपल्या पद्धतीत थोड्या मटणात जास्त माणसं जेवतात, रस्सा मंडळवाल्यांना विचार, ते रानात चूल मांडून हाच हिशोब करतात. सव्वादोन-अडीच किलोत पंधरा माणसं होतात, कारण पोट रश्शानं भरायचं, फोडींनी नाही. मटण हळद, मीठ, आलं-लसूण लावून भरपूर पाण्यात शिजवायचं, ते आळणी पाणी गाळून घेतलं की त्यातनंच पांढरा, त्यातनंच तांबडा, आणि फोडींचं सुकं. एका शिजवण्यात तीन पदार्थ. पांढऱ्याला दोन नारळांचं दूध, थोडे काजू नाहीतर पांढरे तीळ आणि खसखस वाटून, तुपात खडा मसाला. नारळाचं दूध घातल्यावर मोठी उकळी आणायची नाही, फुटतंय. आच बारीक आणि हलवत राहायचं, परत गरम करताना पण तेच. नवऱ्याला जमत असेल तर मटण त्याच्यावर सोड. कोल्हापुरातल्या बाप्यांना घरात चहा करायला लाज वाटते पण मटणाच्या पातेल्यापासनं हलत नाहीत.

मटणाला वार बघायला लागतोय. सोमवार, गुरुवार, शनिवार कुणाचा ना कुणाचा असतोच, चतुर्थी-एकादशी बघ, श्रावणात विषयच नाही. रविवार सोपा वाटतोय पण जोतिबाचा वार म्हणून काही घरांत चालत नाही, आधी विचार. पंधरातले चार जण खात नसतील तर त्यांच्यासाठी वेगळं पनीर वगैरे करत बसू नको, त्या दिवशी मटणच करू नको, मसूर कर. दोन मेनू म्हणजे दोन कार्यक्रम.

आता खर्च वाटून घ्यायचा विषय, ह्यात आपण फार लाजतो. कुणी फोन करून 'येताना काय आणू' विचारलं की आपण म्हणतो 'काही नको, तुम्ही या फक्त'. मग तो आणतो अर्धा किलो मिठाई, जी कुणाला नको असते आणि तुझ्या फ्रीजमध्ये आठवडाभर बसते. त्यापेक्षा सांग, 'ब्रेड आण दोन', 'डझनभर लिंबं आण', 'चार स्टीलचे पेले आण, आमच्याकडं कमी आहेत'. नेमकं सांगायचं. माणसाला नेमकं काम दिलं की त्याला ते घर आपलं वाटतंय. पैसे मात्र घरी बोलावलेल्यांकडनं घेऊ नको. वर्गणी रस्सा मंडळाला ठीक आहे, तिथं कुणी यजमान नसतोय. त्यापेक्षा चिठ्ठ्या टाकून घरं ठरवा, पाच-सहा घरं असतील तर तुझी पाळी सहा महिन्यातनं एकदा, फक्त पहिल्याच दिवशी 'एक गरम, एक गार' ठरवून घ्या नाहीतर आमच्या भिशीसारखं होईल.

जागेचं टेन्शन घेऊ नको. बाहेरच्या खोलीतला सोफा-खुर्च्या आतल्या खोलीत ढकल, सतरंज्या टाक, खाली बसलं की दुप्पट माणसं मावतात. म्हाताऱ्यांना दोन खुर्च्या. पातेलं बाहेर आण, पाटावर नाहीतर स्टुलावर ठेव, पळी-वगराळं त्यातच, ज्यानं त्यानं घ्यावं. स्वयंपाकघरात कुणी यायचं नाही आणि तू पण आत जायचं नाही. ताटं स्टीलची, कागदाची घेऊ नको, कट झिरपून मांडीवर येतोय आणि नंतर तो कचरा कुठं ठेवणार. कमी पडली तर शेजारनं आण, नाहीतर गल्लीतल्या तालमीत, म्हणजे तालीम मंडळात, विचार, आमच्या तालमीत मोठी पातेली, ताटं असतात, घासून परत द्यायची एवढंच. बाथरूमात पाणी भरलेला टब ठेव, जेवलेलं ताट ज्याचं त्यानं त्यात बुडवायचं. वाळलेला कट घासायला जीव जातोय.

शेजाऱ्यांना आणि घरमालकांना आदल्या दिवशी सांग, जिन्यात चपलांचा ढीग होणार आहे, आणि त्या दिवशी वाटीभर कट नाहीतर रस्सा वर पाठव. भाड्याच्या घरात महिन्याला कार्यक्रम करायचा असेल तर ही वाटी चुकवायची नाही.

आणि तू पहिल्या पंगतीला बसायचंस. ह्याच्यावर मी कुणाशी वाद घालत नाही. बाई आत गरम गरम करत राहिली, शेवटी कोपऱ्यात उरलंसुरलं खाल्लं, आणि बाहेर हसण्याचे आवाज आले तर ती का म्हणून परत बोलवेल. म्हणून तर तळायचे पदार्थ नकोत, भजी नको, वडे नको, पुऱ्या नको, जे जे एकेक करून गरम वाढायला लागतंय ते सगळं वर्ज्य. पातेल्यातलं असलं की सगळे एकदम बसतात. ऑफिसातल्या कुणाला हे विचित्र वाटलं तर पहिल्याच खेपेला वाटेल.

उरल्याचं आधीच ठरव. मिसळीचा कट उरला तर गार करून फ्रीजमध्ये, दोन दिवस चालतोय, फ्रीजरला टाकलास तर पंधरवडा, मटकी मात्र त्याच दिवशी संपव. पांढरा रस्सा ठेवायच्या भानगडीत पडू नको, नारळ आहे त्यात, उन्हाळ्यात तर दोन तासांच्या वर बाहेर ठेवायचा पण नाही. भात पण तसाच, तो पसरून पटकन गार करून फ्रीजला. सगळ्यात सोपं म्हणजे येणाऱ्यांना सांग रिकामा डबा घेऊन या, कुणाला त्यात कमीपणा वाटत नाही, मटणाच्या दिवशी तर न सांगता आणतात.

जायला कुणी तयार नसेल तर तुम्ही रंकाळ्याच्या जवळ आहात हा मोठाच फायदा. 'चला, चहा तिकडंच घेऊ' म्हणून सगळ्यांना उठवायचं. आम्हाला पेठेत ती सोय नाही, आमच्याकडं लोक अंधार पडेपर्यंत बसतात.

पहिल्या खेपेला पंधरा नको, आठच बोलव. मटकी चारशे ग्रॅम, कट अडीच लिटर, ब्रेड तीन. आणि शनिवारी संध्याकाळी वाटण करायच्या आधी सिलिंडर हलवून बघ, रविवारी सकाळी टाकी संपली तर आणायला कुणी मिळत नाही.